डबल एम, डबल टी, डबल ई: इंग्रजी स्पेलिंगमधल्या जोडअक्षरांबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला ट्यूशन घेते, पाचवी ते दहावी. आमच्या इथली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत असतात आणि पाचवीला एकदम सगळं इंग्रजीतून सुरू होतं, गणित, सायन्स, भूगोल, सगळंच, आणि तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त काय छळत असेल तर स्पेलिंगमधली डबल अक्षरं. कुठे एक, कुठे दोन, काही पत्ताच लागत नाही. मुलं विचारतात, आयाही विचारतात, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवर दुकानदारही विचारायला लागलेत बोर्ड छापायच्या आधी. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

अक्षर दोनदा लिहायचं पण ऐकू तर एकदाच येतं, मग दोनदा लिहायचंच कशाला?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो एकदम बरोबर आहे, कारण आपल्या भाषेत असं होतच नाही. मका आणि मक्का, चिता आणि चित्ता. क दोनदा लिहिला तर जीभ तिथे थांबते, कानाला कळतं, अर्थ बदलतो. मराठीत वाढलेल्या मुलाचा कान तसाच तयार झालेला असतो, तो इंग्रजीतही ती डबल ऐकायला जातो आणि तिथे त्याला काही सापडत नाही.

इंग्रजीत डबल अक्षर बहुतेक वेळा दोन कामांसाठी असतं. एक म्हणजे आधीचा स्वर आखूड ठेवायचा. डायनरमध्ये एक एन, डिनरमध्ये दोन एन. होपिंगमध्ये एक पी, हॉपिंगमध्ये दोन. म्हणजे ते दुसरं अक्षर आपल्या स्वतःच्या आवाजासाठी नसतंच, ते मागच्या स्वराला धरून ठेवायला असतं. बाराव्या शतकात ऑर्म नावाचा एक इंग्लिश धर्मगुरू होऊन गेला, त्याने हे फार मनावर घेतलं होतं, आखूड स्वर आला की पुढचं व्यंजन तो नेमाने डबल लिहायचा, स्वतःच्या नावातसुद्धा दोन आर घालायचा. पुढे सगळ्यांनी तसं नेमाने लिहिलं असतं तर आपली मुलं आज सुखी असती, पण तसं झालं नाही.

दुसरं काम म्हणजे सांधा. दोन तुकडे जोडले, एकाच्या शेवटी जे अक्षर तेच दुसऱ्याच्या सुरुवातीला, दोन्ही राहिली. मिड आणि डे, मिडडे. रूम आणि मेट, रूममेट. मिस आणि स्पेल जोडलं की मिसस्पेल, आणि हा शब्दच लोक सगळ्यात जास्त चुकवतात, एक एस खाऊन टाकतात.

माझं मुलांना एकच सांगणं असतं, कानाने शोधू नका, सांधा शोधा. खाली जे काय लिहिलंय ते ह्याच्याच जोरावर.

कमिटी कसं लिहायचं ते एकदाच सांगा ना, दर जात्रेला चुकतंय.

सी ओ डबल एम आय डबल टी डबल ई. तीन जोड्या.

आमच्या वाड्यावरच्या जात्रेचं फ्लेक्स छापायला गेलेलो तेव्हाची गोष्ट सांगते. दुकानात कॉम्प्युटरच्या पडद्यावर शब्द दिसत होता, त्यात एम दोन, टी एक, ई दोन. चार जणं उभी, प्रत्येकाला काहीतरी चुकलंय असं वाटत होतं पण काय ते कोणालाच सांगता येत नव्हतं, एक म्हणाला एम जास्त झालाय, तो काढा. मी बिलाच्या मागे पेनाने लिहून दाखवलं. आधी कॉम आणि मिट, दोन तुकडे, दोघांचा एक एक एम, म्हणून डबल एम. मग कमिट ह्या शब्दात जोर शेवटच्या मिटवर आहे आणि पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय येतोय, म्हणून टी डबल. आणि शेवटी ई ई हा प्रत्यय, एम्प्लॉयीमध्ये असतो तोच, म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलंय तो. पूर्वी कमिटी म्हणजे एकच माणूस असायचा, ज्याच्यावर काहीतरी सोपवलंय असा. मग तो दुकानातला मुलगा म्हणाला टीचर, मग कमिटमेंटमध्ये पण दोन टी का? नाही, तिथे एकच, कारण मेंट एमने सुरू होतो, स्वराने नाही. त्याने लगेच दुसऱ्या ऑर्डरमधली कमिटमेंट उघडून बघितली आणि तिथला एक टी काढला.

अकोमोडेशनमध्ये सी दोन का एम दोन?

दोन्ही दोन. म्हापशाहून कळंगुटच्या रस्त्याला लागलात की रूम भाड्याने देणाऱ्यांच्या पाट्या बघत जा, बऱ्याच पाट्यांवर एक एम गायब असतो. सांधे दोन आहेत म्हणून जोड्या दोन. लॅटिनमधला अ‍ॅड हा उपसर्ग सी पुढे आला की ॲक होतो, त्यानंतर कॉम, त्यानंतर मॉड. ॲक-कॉम-मॉड. असं तोडून म्हटलं की एकही अक्षर पडत नाही. आपल्याकडे उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, त चा ल होतो, तसंच हे आहे, आठवीच्या व्याकरणात संधी शिकलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं आणि मला ते बघायला फार आवडतं.

लागोपाठ तीन जोड्या असलेला एकच शब्द आहे म्हणतात, खरं का?

बुककीपर. बी, डबल ओ, डबल के, डबल ई, पी ई आर. मध्ये हायफन न घालता लागोपाठ तीन जोड्या येतात असा रोजच्या वापरातला हाच शब्द, आणि अर्थात त्याचं भावंड बुककीपिंग. अकरावीला कॉमर्स घेतलेली मुलं पहिल्याच आठवड्यात एक के खातात. बुक वेगळं, कीपर वेगळं, आणि इथे तर कानालाही तो के थोडा लांबलेला ऐकू येतो, नीट म्हणून बघा.

कमिटीमध्ये तीन जोड्या आहेत पण मध्ये आय येतो, लागोपाठ नाहीत. अमेरिकेतलं टेनेसी राज्य, त्यात डबल एन, डबल एस, डबल ई, पण मध्ये ई. मिसिसिपीत डबल एस, परत डबल एस, मग डबल पी. ऑस्ट्रेलियात सिडनीला वुलुमुलु नावाचा भाग आहे, त्याचं स्पेलिंग म्हणजे डब्ल्यू, डबल ओ, डबल एल, डबल ओ, एम, डबल ओ, एल, डबल ओ, म्हणजे पाच जोड्या, त्यातल्या पहिल्या तीन लागोपाठ. पण ते गावाचं नाव झालं. पाचवीतल्या मुलांना मी हे फळ्यावर लिहून देते, मग ती दोन दिवस तेच म्हणत फिरतात.

लागोपाठ दोन जोड्यांचे शब्द मात्र भरपूर: बलून, कॉफी, टॅटू, रॅकून, वूली.

डबल ई आणि डबल ओ सगळीकडे दिसतात, मग डबल ए, डबल आय, डबल यू का दिसत नाहीत?

कारण अस्सल इंग्रजी शब्दांत ते जवळजवळ नाहीतच. जिथे दिसतील तिथे एक तर शब्द बाहेरून आलाय, नाहीतर सांधा आहे.

डबल यू बघा. व्हॅक्यूम. व्हॅक्यू हा लॅटिन मूळ तुकडा, त्याला अम लागलं, दोन यू शेजारी आले आणि तसेच राहिले. कंटिन्यूअम तसाच. डबल आय, रेडियसचं अनेकवचन रेडिआय. स्की ला आयएनजी लावला की स्कीइंग. टॅक्सीला लावला की टॅक्सिइंग, म्हणजे दाबोळीला विमान उतरल्यावर धावपट्टीवरून हळूहळू चालत येतं ते, टॅक्सीत बसून जाणं नव्हे, हे मुलांना वेगळं सांगावं लागतं.

डबल ए म्हणजे बहुतेक परदेशी. बझार हा मूळ फारसी शब्द, आपलाच बाजार, म्हापशाचा शुक्रवारचा. स्पेलिंगमध्ये झेड एक आणि त्याच्यापुढे ए दोन, पण दुकानांवर उलटं लिहिलेलं दिसतं, झेड दोन आणि पुढे ए एक, कारण आपल्याला वाटतं झ वर जोर आहे. आर्डवार्क हा आफ्रिकेतला प्राणी, शब्द आफ्रिकान्स भाषेतला, अर्थ मातीतलं डुक्कर. आणि एक मला स्वतःला फार आवडणारा, क्राल, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला गुरांचा गोठा किंवा कुंपणातली वस्ती. हा मुळात पोर्तुगीज कुर्राल. पोर्तुगीजमध्ये आर दोन होते, आफ्रिकान्समध्ये गेल्यावर आर एक झाला आणि ए दोन झाले.

व्ही कधीच डबल होत नाही असं आमच्या सरांनी सांगितलं. पण मग सॅव्ही?

सर जवळजवळ बरोबर आहेत. रिव्हर, नेव्हर, सेव्हन, सगळीकडे आधीचा स्वर आखूड आहे, नियमाने व्ही डबल व्हायला हवा होता, झाला नाही. कारण पूर्वी यू आणि व्ही हे एकाच अक्षराचे दोन आकार होते आणि दोन व्ही शेजारी आले की तो डब्ल्यू दिसायचा. डब्ल्यूचं नावच बघा ना, डबल यू. म्हणून लिहिणाऱ्यांनी ते टाळलं. डबल व्ही असलेले शब्द सगळे अलीकडचे, बोलीतून वर आलेले. नॅव्ही म्हणजे कालवे खणणारा मजूर, नॅव्हिगेटरचा छोटा केलेला शब्द, नौदलाच्या नेव्हीशी घोळ करू नका, तिथे व्ही एकच. गाडीचं इंजिन रेव्ह करतात त्याचं रेव्हिंग. आणि सॅव्ही हा तर साबे ह्या शब्दावरून, पोर्तुगीज किंवा स्पॅनिश, अर्थ जाणतो. ज्यांच्या घरात आजी-आजोबा पोर्तुगीज बोलायचे त्यांना हा शब्द परका वाटणारच नाही.

बाकीची दुर्मीळ डबल अक्षरं कुठली?

एच: विथहोल्ड, हिचहायकर. दोन्ही सांधे. थ्रेशोल्डमध्ये मात्र एच एकच, तिथे होल्ड वेगळा नाही, पण लोक घालतात.

के: बुककीपर, ट्रेकिंग, सिक्कीम. इंग्रजीत के डबल करायची पद्धत म्हणजे सी के. टिकेट, किकिंग. म्हणूनच पिकनिकला आयएनजी लावताना मध्ये के घुसतो. तसंच सीएचचं डबल म्हणजे टीसीएच, किचन आणि कॅच, आणि जेच्या आवाजाचं डबल म्हणजे डीजीई, ब्रिज आणि बॅज. हे कळलं की किचनमधला टी विसरला जात नाही.

डब्ल्यू: ग्लोवर्म, पावसाच्या तोंडावर सत्तरी तालुक्यात झाडं पेटल्यासारखी दिसतात त्या काजव्यांच्याच जातकुळीतला किडा. काहीजण मध्ये हायफन घालतात.

जे: हज. अरबीत त्यावर शद्द असतो, म्हणजे अक्षर डबल म्हणायची खूण, म्हणून दोन जे.

एक्स: डबल होतच नाही, कारण एक्स म्हणजे मुळातच क आणि स दोन आवाज. बॉक्सिंग, फिक्सिंग, टॅक्सिंग, सगळीकडे एकच. एक्सॉन कंपनीने १९७२ साली नाव घेतलं त्यात दोन एक्स आहेत, पण ते मुद्दाम बनवलेलं नाव.

आमच्या घरातले म्हातारे लोक ऑफिस, कॉमर्स, ग्रामर सगळं एकाच अक्षराने लिहायचे. ते चुकीचं होतं का?

अजिबात नाही. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हे माझ्या घरातलं आहे.

माझे आजोबा पोर्तुगीजमधून शिकलेले. पोर्तुगालने १९११ साली लेखनसुधारणा केली आणि आर व एस सोडून जवळजवळ सगळी डबल व्यंजनं काढून टाकली. त्यामुळे आजोबांच्या शाळेत ऑफिशियलला एफ एक, कॉमर्सला एम एक, डिफिकल्टला एफ एक, ग्रामरला एम एक. ते शुद्ध पोर्तुगीज होतं. मग १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि कचेऱ्यांमधलं काम इंग्रजीत आलं. आजोबांनी रात्री कंदील लावून इंग्रजी शिकून घेतलं पण हात एकच अक्षर लिहायचा, आणि एका कचेरीत त्यांचा अर्ज लाल पेनाने गोल काढून परत दिला गेला, सगळ्यांच्या समोर. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता, मी पाहिलाय, सहा गोल आहेत आणि सहाच्या सहा ठिकाणी पोर्तुगीज स्पेलिंग बरोबर आहे. त्या माणसाला ते माहीत नव्हतं एवढंच. मला आजही एखाद्या मुलाच्या वहीत लाल गोल काढताना हात थांबतो, मी आधी विचारते, तुला असं का वाटलं.

आसगावच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एस, मग म्हापशात एक का?

पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मध्ये एकटा एस आला की तो झ होतो. स हवा असेल तर एस डबल करायचा. म्हणून आसगाव, असोळणा, पिसुर्ले सगळ्यांना दोन एस. म्हापशाला मात्र पोर्तुगीजमध्ये एस नव्हताच, सीच्या खाली शेपटी असलेलं अक्षर होतं. इंग्रजीत ती शेपटी गेली आणि त्या जागी एक एस आला.

सुकूरला दोन आर कारण मूळ शब्द सोकोर्रो, मदत, आणि पोर्तुगीजचा तो घोळवून म्हटलेला र दोन आर लिहून दाखवतात. सत्तरीत दोन टी कारण आपण त तसाच म्हणतो, तिथे कानावर विश्वास ठेवा. आणि रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीत लिहिलेल्या कोंकणीत, तिसरीच पद्धत, ट आणि ड दाखवायला टी आणि डी डबल करतात, तोंड लिहिताना दोन डी, पोट लिहिताना दोन टी. म्हणजे एकाच बसच्या खिडकीतून पोर्तुगीजचं डबल, इंग्रजीचं डबल आणि कोंकणीचं डबल अशी तिन्ही दिसतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं.

ऑकर्डला दोन आर आणि ऑफर्डला एक, हे कसं लक्षात ठेवायचं?

जोर कुठे पडतो ते बघा. ऑकर, रिफर, बिगिन, ह्यांत जोर शेवटी. मग ऑकर्ड, रिफर्ड, बिगिनिंग, अक्षर डबल. ऑफर, व्हिजिट, ओपन, ह्यांत जोर सुरुवातीला, म्हणून एकच. बेनिफिटेडमध्येही टी एकच. रिफरन्समध्ये जोर शब्दाच्या सुरुवातीला सरकतो म्हणून आर परत एक होतो, पण ऑकरन्समध्ये दोनच राहतात. अपवाद आहेत, किडनॅप्ड आणि वर्शिप्डमध्ये आपण दोन पी लिहितो. आमच्या मुलांना जोर ऐकायची सवय नसते कारण मराठी आपण सरळ बोलतो, म्हणून मी टेबलावर टिचकी मारून म्हणायला लावते.

मोबाइल ट्रॅव्हलिंगमधला एक एल खोडतो. कोण बरोबर?

दोघंही. आपल्याकडे ब्रिटिश पद्धत, एल डबल: ट्रॅव्हलिंग, कॅन्सल्ड, ज्वेलरी. अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८ साली मोठा शब्दकोश काढला, स्पेलिंग साधी करायचा त्याने ध्यासच घेतला होता, तिथे ट्रॅव्हलिंगमध्ये एल एकच चालतो. गंमत म्हणजे फुलफिल आणि एनरोलमध्ये उलटं, शेवटी आपला एल एक आणि त्यांचे दोन. मोबाइलच्या सेटिंगमध्ये भारताची इंग्रजी निवडा, खोडणं बंद होईल.

एग, अ‍ॅड, ऑड, इन, ह्या एवढ्याशा शब्दांत डबल कशाला?

इंग्रजीत नाम, क्रियापद असा वजनाचा शब्द शक्यतो तीन अक्षरांपेक्षा लहान लिहीत नाहीत. आत ह्या अर्थाचा इन दोन अक्षरांचा चालतो, पण मुक्कामाचं इन म्हणजे छोटं हॉटेल, तिथे एन डबल. बी क्रियापदाला ई एक, बी मधमाशीला दोन. एब म्हणजे ओहोटी, त्यात दोन बी. मुलांना हे मिरामारला पाणी मागे गेलेलं दाखवून सांगितलं होतं, कोणी विसरलं नाही.

तीनदा तेच अक्षर कधी येतं का?

हायफन घालून टाळतात. क्रॉस-स्टिच. फ्रीला ईआर लावताना एक ई काढूनच टाकतात. जर्मन लोक मात्र १९९६ च्या सुधारणेनंतर जहाजवाहतुकीच्या त्यांच्या शब्दात सरळ तीन एफ लिहितात.

आपल्याकडून गेलेल्या शब्दांत डबल अक्षरं आहेत का?

आहेत की. मुंगूस मराठीतून गेला, इंग्रजीत त्याला डबल ओ मिळाला, आणि अनेकवचन मुंगूसेस, गूसचं गीस होतं तसं ह्याचं होत नाही कारण गूसशी ह्याचा काही संबंध नाही. लूट गेली, डबल ओ. जगन्नाथाचा जगरनॉट झाला, तिथे दोन जी, आधीचा स्वर आखूड ठेवायला. पक्काचा पक्का, दोन के, आणि इथे आपण मुळात डबल म्हणतोच.

आणि विंदालू. पोर्तुगीजमध्ये मूळ पदार्थ दारू आणि लसणीत मुरवलेलं मांस, लसणीला ते आल्यो म्हणतात, म्हणून गोव्यातल्या जुन्या घरांत आणि काही मेनू कार्डांवर शब्दाच्या शेवटी अजून एल एच ओ असतं. इंग्रजांनी ऐकलं तसं डबल ओ लावलं, आणि मग लोकांना त्यात आलू दिसायला लागला आणि कुठेकुठे बटाटा पडायला लागला. आमच्या शेजारच्या आंटी विंदालूत बटाटा घालत नाहीत, आणि स्पेलिंगही एल एच ओनेच लिहितात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कुठले शब्द बघून जावेत?

नेसेसरी, सी एक, एस दोन. एम्बॅरस, आर दोन, एस दोन. हॅरस, आर एक, एस दोन. मिलेनियम, एल दोन, एन दोन, कारण मिले म्हणजे हजार आणि आनुस म्हणजे वर्ष, अ‍ॅन्युअलमध्ये दोन एन आहेत तेच हे. कॅरिबियन, आर एक, बी दोन. मेडिटेरेनियन, फक्त आर दोन, मध्ये टेर्रा बसलाय, जमीन, पोर्तुगीज येणाऱ्याला लगेच कळेल. फिलिपिन्स, एल एक, पी दोन, पण फिलिपिनोमध्ये पी एक. बसेसमध्ये दोनच एस, मध्ये एक आणि शेवटी एक. दिवसाला पाचच घ्या, पेन्सिलने सांध्यावर रेघ मारा, आणि तोंडाने डबल एम, डबल टी असं मोठ्याने म्हणत लिहा.